मिस युलालीचं झाडलेलं अंगण

१

मिस युलाली फ्रेझरनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली. "हे देवा," एवढंच तिच्या तोंडून निघालं. समोरच्या भिंतीवर खिळा होता, खिळ्यावरचं सूप नव्हतं.

फाटकाबाहेर चर्चच्या बसमधून आलेल्या बायका रांगेनं उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे ड्रुसिला मॅनिगो. कुठंही गेलं तरी सगळ्यांच्या पुढे उभं राहायची तिची खोडच होती. बायका ऑल्डब्रुकची अझेलिया बघायला आल्या होत्या. वर्षातला हाच काय तो फुलांचा मोसम, त्यामुळे वसंतातल्या रविवारी निम्मं साउथ कॅरोलायना ऑल्डब्रुकच्या बागेत लोटतं. फुलं आणि गिरणीपुढचा भात पाखडायचा खेळ बघून झाला की मोठ्या घरामागची ही एका खोलीची झोपडी बघायची. कधीकाळी इथं गुलामांच्या झोपड्यांची अख्खी गल्ली होती. बाकीच्या पडल्या, ही एवढीच राहिली, आणि ती राहिली ती फ्रेझर घराण्यानं सांभाळली म्हणून.

"सगळ्यांनी फाटकाबाहेरच थांबा, मी आधी उघडते," असं मिस युलालीनंच सांगितलं होतं. चर्चमधली पांढरी हातमोज्यांची जोडी अजून तिच्या हातात होती. फाटक उघडून ती क्षणभर अंगणाकडे बघत राहिली होती आणि मग पाऊल टाकलं होतं. तेवढीच तिची पावलं त्या अंगणात उमटलेली, बाकी सगळीकडे खराट्याचे सुबक पंखे. गवताची काडी नाही की पान नाही. जुन्या लोकांची ही रीतच होती. दारापुढे गवत उगवू द्यायचं नाही, माती झाडून लखलखीत ठेवायची.

"काय झालं हो?" ड्रुसिलानं हाक दिली.

"बायनाचं सूप," मिस युलाली म्हणाली. आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. "गेलं."

बायना म्हणजे युलालीच्या पणजीची आई. मालकाच्या भातशेतात जन्म घालवला, आणि त्याच्याच भातासाठी पाणगवताच्या दोऱ्या गुंडाळून हे गोल सूप विणलं. तिच्यामागे राहिलं ते एवढंच. तिचा ना फोटो ना थडग्यावर दगड.

इस्टेटीचे व्यवस्थापक प्रेस्टन ऑल्डरसन पाहुण्यांबरोबरच होते. पांढरा सूट, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. ते अंगण ओलांडून आत गेले, रिकामी भिंत पाहिली आणि परत येऊन सगळ्यांदेखत विचारलं, "मिस युलाली, काल संध्याकाळी अंगण तुम्हीच झाडलंत ना?"

"झाडलं."

"तेव्हा सूप होतं?"

"होतं."

"आणि त्यानंतर कुणी आत आलं असतं, तर पाऊल उमटलं असतं."

"उमटलं असतं."

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं, एकही पाऊल नव्हतं. म्हणजे सूप तुम्ही झाडायच्या आधीच बाहेर गेलं. आणि उद्या ते मोठ्या घरातल्या काचेच्या कपाटात जाणार होतं, ते तुम्हाला मान्य नव्हतं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "करार तुम्हाला ठाऊक आहे. आतली वस्तू गेली तर झोपडीची किल्ली इस्टेटीच्या ट्रस्टकडे. पाचला फाटकं बंद होतात. तोवर सूप आलं नाही तर किल्ली द्या. आणि मला शेरिफला फोन करावा लागेल."

मिस युलालीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. ती काही बोलली नाही, आणि तेच ड्रुसिलाला खटकलं.

२

ड्रुसिलानं तीस वर्षं एका विमा कंपनीत काढली होती. जळालेली गोदामं आणि चोरीला गेलेले दागिने खरंच जळाले-गेले का, हे बघत हिंडायचं काम. तीस वर्षांत तिनं एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. निरपराध माणूस आधी बोंब मारतो. ही बाई बोंब मारत नव्हती, आणि तरी ती चोर वाटत नव्हती.

"वहिनी, तुला काय करायचंय?" तिची नणंद कोरा म्हणाली. तिच्या हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी होती. "आपण फुलं बघायला आलोय. आधीच सकाळचा विरस झालाय. ती एकटी गाणारी पोरगी आलीच नाही, गाणं अर्धवट राहिलं."

"तू शेंगा खा," ड्रुसिला म्हणाली.

सकाळी दोघी इथल्याच छोट्या चर्चमध्ये पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. दाराशी पांढरे हातमोजे घालून उभी राहिलेली मिस युलालीच होती. तिनंच त्यांना जागा दाखवली, हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला, आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ती दाराशीच उभी होती. ती मग त्यांच्याच बसमधून इस्टेटीवर आली.

बागेत कर्ट भेटला. मुख्य माळी. ओहायोहून आलेला, पानं उडवायचं यंत्र पाठीला लावलेला तांबडाबुंद गडी. ह्या माणसाचं आणि मिस युलालीचं वाकडं आहे, हे बसमध्येच कुणीतरी सांगितलं होतं.

"वाकडं?" कर्ट म्हणाला. "मला तिथं कॅमेलिया लावायचेत. आणि म्हातारी म्हणते, माती उघडी राहणार! उघडी माती बघून माझ्या पोटात गोळा येतो. पण सूप? सूप घेऊन मी काय करू, डोक्यावर घालू?"

"ऑफिसात दुसरी किल्ली असते म्हणे."

"असते की. कुणीही घ्यावी. पण बाई, मी गेलो असतो ना, तर बुटांचे हे एवढाले ठसे ठेवून आलो असतो. मला काय पडलंय? माझं यंत्रसुद्धा ती त्या अंगणाला शिवू देत नाही. सकाळपासून सगळे रस्ते उडवून झाले, ही पिवळी भुकटी संपता संपत नाही."

"सकाळी कुणी आलं होतं इकडे?"

"गेट दुपारी उघडतं. सकाळी मी, मोठ्या घरात ट्रस्टच्या लोकांबरोबर न्याहारीला बसलेले साहेब, आणि गिरणीपाशी ती टामार. भात कांडायची तयारी करत होती." त्यानं यंत्र सुरू केलं आणि पुढचं बोलणं त्या घरघराटात बुडालं.

'मी गेलो असतो तर ठसे ठेवून आलो असतो.' ड्रुसिलाच्या मनात ते वाक्य अडकलं. खरंच की. कोण नसते ठेवून आले?

तेवढ्यात मागून कोराचं ओरडणं ऐकू आलं.

३

झालं होतं ते असं. शेंगा खाता खाता कोरा झोपडीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर टेकली होती. उठली तेव्हा तिच्या निळ्या रेशमी झग्याची मागची बाजू हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळीजर्द झाली होती.

"हसू नकोस वहिनी! चर्चचा झगा आहे हा!"

ड्रुसिला हसत नव्हती. ती बाकाकडे बघत होती. दरवर्षी या दिवसांत पाइनची झाडं पराग सोडतात आणि सगळ्या मुलखावर पिवळी भुकटी बसते. त्यात नवल काहीच नाही. काल रात्री ड्रायव्हरनं धुवून ठेवलेली बस सकाळी पिवळी दिसली, तेव्हा त्यानं रविवार असूनही एक शिवी हासडली होती. बाक पिवळा, कुंपण पिवळं, झोपडीच्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या, शेजारचं डबकंसुद्धा पिवळं.

अंगण मात्र तपकिरी होतं. स्वच्छ, निव्वळ मातीच्या रंगाचं.

ड्रुसिला फाटकाशी वाकली. डाव्या हाताला, खराट्यानं कचरा लोटून नेहमी जिथं साठवतात तिथं, एक छोटा ढीग होता. तिनं बोटानं उकरला. वरपासून खालपर्यंत पिवळा.

"कोरा," ती म्हणाली, "काल संध्याकाळी झाडलेलं अंगण आज दुपारी कसं दिसायला हवं?"

"पिवळं. माझ्या झग्यासारखं."

"मग हे आज सकाळी झाडलंय. आणि आज सकाळी मिस युलाली कुठं होती?"

"चर्चच्या दाराशी. मला पंखा देत होती." कोराच्या तोंडातली शेंग तशीच राहिली. "अगो बाई! म्हणजे तिनं नाही..."

"तिनं नाही. साहेबांचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं, की पाऊल नाही म्हणजे कुणी आलंच नाही. कुणीतरी आलं, सूप घेतलं आणि जाताना उलटं उलटं चालत दारापासून फाटकापर्यंत आपल्या मागची पावलं झाडत गेलं."

"लपवायला!"

"तसंच वाटतं खरं," ड्रुसिला म्हणाली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. ज्याला लपवायचं असतं तो घाईत असतो. दोन फटके मारतो आणि पळतो. इथं कोपऱ्यात, चिंचोळ्या जागेत, कुंपणाच्या खांबाभोवतीसुद्धा खराटा अलगद वळवला होता. चोरानं एवढं जीव लावून झाडावं कशाला?

मिस युलाली पायरीवर बसली होती. ड्रुसिला तिच्यासमोर उभी राहिली आणि सरळच म्हणाली, "सिस्टर, हे अंगण तुम्ही काल झाडलंत. पण आज दुसऱ्या कुणीतरी झाडलंय. तुम्हाला फाटकातच कळलं होतं."

म्हातारीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली.

"पोरी," ती म्हणाली, "तू फुलं बघायला आलीस ना? फुलं बघ आणि घरी जा."

४

ड्रुसिला गेली ती थेट ऑल्डरसन साहेबांकडे. मोठ्या घराच्या व्हरांड्यात ते गार चहा पीत बसले होते. पाच वाजायला अजून वेळ होता.

"मिस युलालीवर तुमचा राग आहे का हो?" तिनं विचारलं.

"राग? मला त्या सुपाची काळजी आहे. त्या खोलीत ना दमटपणावर ताबा, ना किड्यांवर. त्या बाईंना ते खिळ्यावर टांगलेलं हवं! काचेमागे ते दोनशे वर्षं टिकेल."

"तुम्ही त्या अंगणात जाता कधी?"

"शक्यतो नाही. गेलं की माझ्याकडे अशा बघतात जणू मी त्यांच्या जेवणात पाय घातला." ते जरा हसले. "आता गेलो तेव्हा इलाज नव्हता. तरी बघितलंत ना, कशा माझ्या बुटांकडे बघत होत्या!"

"त्यांच्या घरचे लोक काय करतात, आत गेले की?"

"मला काय ठाऊक? आले तसे जात असतील."

ड्रुसिला खुर्चीतून उठली. तिला एकदम आपल्या आजीचं एडिस्टो बेटावरचं अंगण आठवलं होतं. आजी शनिवारी अंगण झाडायची आणि मग कुणा पोराची छाती नव्हती त्यात पाय टाकायची. चेंडू आत गेला तर आणायचा, पण येताना खराटा घेऊन मागची पावलं पुसत यायचं. नाही पुसली तर त्याच खराट्याची काडी पोटरीवर बसायची. चाळीस वर्षं झाली, पण आजही झाडलेल्या मातीवर पाय टाकताना ड्रुसिलाचं पाऊल अडखळत असे.

ते लपवणं नव्हतंच मुळी. ते वळण होतं.

साहेबांना खराटा सुचला नसता. कर्टनं ठसे ठेवले असते. ज्यानं सूप नेलं तो चोरी करतानासुद्धा म्हातारीच्या अंगणात पावलं ठेवून जाऊ शकला नाही, कारण त्या म्हातारीनंच त्याला वाढवलं होतं. आणि सकाळी चर्चमध्ये एक गाणारी पोरगी आली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "टामार त्यांची कोण?"

"भाची. त्यांच्याकडेच राहते. का?"

"चला माझ्याबरोबर. मिस युलालींनाही बोलवा. सूप कुठं आहे ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे, पण ते राहू द्या."

५

गिरणीपुढच्या मोकळ्या जागेत टामार फ्रेझर शेवटच्या गटासाठी भात पाखडत होती. उंच, सडसडीत, डोक्याला पांढरं फडकं. उखळात कांडलेलं भात सुपात घ्यायची, झटक्यानं वर उडवायची. कोंडा वाऱ्यावर जायचा आणि तांदूळ सळ्‌कन सुपात उतरायचे. लोक टाळ्या वाजवत होते. दुपारी बसमधल्या बायकांनीही वाजवल्या होत्या.

तिच्या पायाशी विक्रीला मांडलेली नवी सुपं होती, पेंढ्याच्या रंगाची. हातातलं मात्र तंबाखूच्या पानासारखं काळपट होतं. दुपारी ड्रुसिलानं ते पाहिलं होतं आणि विसरली होती. आणखी एक गोष्ट तेव्हा तिला दिसली होती. पोरगी लोकांकडे बघत नव्हती, सुपाकडे बघत होती.

गट पांगेपर्यंत ड्रुसिला थांबली. मग म्हणाली, "टामार, तुझ्या आत्याच्या हातून झोपडीची किल्ली जाणार आहे. सूप त्यांनी लपवलं म्हणून शेरिफ येतोय."

टामारचे हात थांबले. वर गेलेले तांदूळ अर्धे सुपात पडले, अर्धे मातीत.

"आत्यानं? आत्यानं कशाला?" तिनं सूप खाली केलं. "मला एवढंच कळलं की सूप सापडत नाही, साहेब चिडलेत. माझी तर पाचावर धारण बसली. मी पहिला खेळ झाला की परत टांगणार होते! रविवारी झोपडी तीनला उघडते. आज बसमुळे लवकर उघडली, आणि इथून मला हलताच येईना." ती मिस युलालीकडे वळली. "आत्या, उद्या ते काचेत जाणार होतं. मग कुणाचा हात लागणार त्याला? बायनानं ते टांगायला विणलं होतं का? मला वाटलं, एकदा, फक्त एकदा त्यात तांदूळ उडू देत. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते," मिस युलाली म्हणाली.

"आणि तुला न विचारता आत गेले, आणि तुझं अंगण..." टामारनं मातीत सांडलेल्या तांदळांकडे पाहिलं. "तुझं अंगण तसंच पावलांनी भरलेलं ठेवून जाऊ? मी काय रानात वाढले?"

पोरीनं आत्याचा मान राखायला झाडलं, आणि त्याच झाडण्यानं आत्याच्या गळ्यात फास आला. ड्रुसिलाला गलबलून आलं. विम्याच्या कामात असलं काही कधी बघायला मिळालं नव्हतं.

ऑल्डरसन साहेब मात्र पुढे सरसावले. "म्हणजे चोरी झालीच! घरच्याच माणसानं. करार..."

"करारात काय आहे?" ड्रुसिलानं विचारलं. "वस्तू गेली तर. गेली कुठं? इस्टेटीच्या हद्दीत आहे. इस्टेटीच्या नोकराच्या हातात, इस्टेटीच्या खेळात, इस्टेटीनं तिकिटं लावलेल्या पाहुण्यांपुढे. आणि साहेब, आज दुपारी आम्ही इथं उभ्या होतो तेव्हा हे सूप तुम्ही स्वतः हातात घेतलंत. उंच धरून दाखवलंत. काय म्हणालात आठवतं?"

साहेब एक पाऊल मागे सरले.

"मला आठवतं!" कोरा मागून म्हणाली. "म्हणाले, 'बायांनो, ही नक्कल आहे. अस्सल अमोल सूप थोड्या वेळानं झोपडीत बघाल. ते पाहिलं की फरक तुमचा तुम्हालाच कळेल!' आम्ही सगळ्यांनी फोटोसुद्धा काढले."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ड्रुसिला म्हणाली. "शेरिफला फोन करायचा तर करा. मला साक्षीला बोलावतीलच. ट्रस्टचे लोक विचारतील, सूप सापडलं कुठं, तेही सांगीन."

साहेबांनी टाय सैल केला, गिरणीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. सूप टिकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, फक्त ते ओळखता येत नव्हतं.

"सूप खिळ्यावर परत जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "काचेचं... ट्रस्टला सांगतो, मी घाई केली म्हणून."

"आणि किल्ली?"

"किल्ली त्यांच्याकडेच आहे की," असं म्हणून ते निघून गेले.

टामारनं दोन्ही हातांनी सूप आत्यापुढे धरलं. मिस युलालीनं ते घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, फुंकर मारून कोंडा उडवला. मग भाचीकडे बघून ती कडाडली, "सूप उचललंस ते उचललंस. पण रविवारी? प्रभूच्या वारी अंगण झाडलंस? हेच शिकवलं मी तुला?"

टामारला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

बायका बसकडे निघाल्या, तशी ड्रुसिला सूप टांगायला मिस युलालीबरोबर झोपडीत गेली. खिळ्यावर सूप नीट बसलं. भिंत पुन्हा भरल्यासारखी दिसली.

"खांबाभोवती तो खराटा वळवायची लकब," ड्रुसिला हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवली ना तिला?"

"पाच वर्षांची होती तेव्हा. तिच्याइतकं सुरेख इथं कुणाला जमत नाही. मलासुद्धा नाही."

"म्हणजे दुपारपासून... फाटकात पाय ठेवल्यापासून तुम्हाला माहीत होतं कोण ते. किल्ली गेली असती. बायनाची ही खोली गेली असती. बोलला का नाहीत?"

मिस युलालीनं हातमोजे नीट घडी करून पर्समध्ये ठेवले. "मला खोटं बोलता येत नाही. साहेबांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही. पायरीवर बसून मी सारखी देवाला तेवढंच म्हणत होते, कुणाला ते विचारायचं सुचू नये म्हणून. मग तू आलीस." तिनं पर्स मिटली. "खोली काय, माती आणि लाकूड आहे. बायनाचं आज एकच जिवंत माणूस आहे माझ्याकडे."

ड्रुसिला दाराबाहेर आली, पायरी उतरली आणि अंगणाकडे बघून थबकली. साहेबांचे बूट, तिचे स्वतःचे टाचांचे बूट, म्हातारीची चपटी पावलं. खराट्याचे सगळे पंखे तुडवले गेले होते. तिचा हात आपोआप पायरीखाली ठेवलेल्या खराट्याकडे गेला.

"ठेव तो," मिस युलाली दारातून म्हणाली. "आज रविवार आहे. राहू देत पावलं."